चाळीस सेकंद

पैसे मला पाठ फिरवायचे मिळतात.
चाळीस सेकंद. कधी पन्नास.
तेवढ्यात मी बुटाची नाडी बांधतो,
झांडेराईच्या धावपट्टीपलीकडचं रान बघतो,
रात्री ते नुसतंच काळं असतं, तरी बघतो.
मागे एक चिठ्ठी चर्रकन निघते,
दुसऱ्या बॅगेच्या मुठीला चिकटते.
बस. माझे हात कोरडे.

एकोणीस वर्षं सामान चढवतोय.
काटा खोटं बोलेल, वागिमानचं मनगट नाही.
तांदूळ कसा बसतो, बाटल्या कुठल्या कुशीवर निजतात,
सगळं उचलताक्षणी कळतं.
ती दुसरी बॅगही कळते.
तिच्यात काहीच हलत नाही.
माणसाचं सामान थोडं तरी हलतं.

डेलानो काउंटरवर. इस्त्रीचा शर्ट, कंपनीचा बिल्ला.
एकटं, म्हातारं, एकाच बॅगेचं गिऱ्हाईक दिसलं
की सिगारेटच्या पाकिटावर नाव लिहून आणतो.
म्हणतो, तिकडे आपला माणूस पट्ट्यावरून आधीच उचलतो,
यांना वाटतं बॅग हरवली, तक्रार करतात,
भरपाई मिळते.
उलट फायदाच.

त्या गुरुवारी तिकडचा माणूस आलाच नाही.

युजेनिया पिनास, वय एकाहत्तर,
आम्स्टरडॅमला पट्ट्यापाशी उभी राहून म्हणत होती,
नाव माझं आहे, बॅग माझी नाही.
पेपरात आलं तसं.
सगळे असंच म्हणतात, असं तिथला अधिकारी म्हणाला.
तेही आलं.

आमच्याकडे चौकशीला दोघं आले.
कॅमेऱ्यात एक पाठ दिसली,
नाडी बांधणारी.

तिची खरी बॅग इथेच होती,
हरवलेल्या सामानाच्या खोलीत, खालच्या फळीवर, चिठ्ठीविना.
तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या.
दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेनं बारीक ओळ,
कुणाला न विचारता नेमकी तिच्याचकडे.
अख्ख्या विमानतळावर तेवढ्यांनाच पत्ता माहीत.
आणि मला.

सुमियाती म्हणाली, रिनीची फी भरायचीय.
म्हणाली, छप्पर अर्धंच झालंय.
तिसरं तिनं भांडी घासत, माझ्याकडे न बघता म्हटलं,
डेलानोला आपलं घर माहीत आहे.
मी मिठाची गुळणी धरली. ती अजून तोंडात आहे.

नव्वद दिवसांनी बेवारस सामानाचा लिलाव होतो.
मी बोली लावली. दुसरं कुणी नव्हतं,
वास येत होता.
दिले ते त्याच पैशातले.

मागच्या अंगणात उघडली.
कसाव्हा-खोबऱ्याचा केक, हिरवा पडलेला.
सुकी मासळी. गुडघ्याचं मलम.
लहान मुलीचे पांढरे बूट, किंमत अजून तळव्याला.
आणि डोक्याचा रुमाल, खळ घालून
आधीच घडी बसवलेला, टोपीसारखा उभा.
क्रेओल बायकांच्या रुमालाची घडी बोलते म्हणतात,
राग सांगते, रुसवा सांगते,
खुशाल बोलू देत लोकांना, असंही सांगते.
मी जावानीज माणूस, मला ती वाचता येत नाही.
बाजारात विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.
विचारलं नाही.

रिनी म्हणाली, बूट मला होतात.

होत होते.

चार महिने सगळं गप्प होतं.
काल गुरुवार. डेलानोनं पाकीट दाखवलं.
नाव होतं, मी वाचलं नाही,
अक्षर मात्र सुबक.
मी वाकलो.
नाडी सुटलेली नव्हती.
आधी सोडली,
मग बांधली.
चाळीस सेकंद. कधी पन्नास.
काल जास्त लागले.