खालचा दोरा

घड्याळं मागे घेतली त्या रविवारी
एक तास जास्तीचा हाती आला.
झोपेत घालवायचा, तर मी तो मशीनवर घालवला.

रस्त्याच्या खालच्या टोकाला विनिफ्रेड सगडनचं घर.
तिचा मुलगा नेव्हिल ते रिकामं करत होता:
गाद्या, दिव्यांच्या छत्र्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे.
मशीन उचलताना कमरेत वाकला आणि म्हणाला,
"लोखंडाचा भाव येईल फार तर. हवंय का?"
हॅलिफॅक्समधला चढ. दोघांनी दोन बाजूंनी धरलं,
तीन दारं चढली की खाली ठेवायचं,
श्वास घ्यायचा, हवेबद्दल बोलायचं.

चाक हलेना.
तेल गेलं, तूप गेलं, असं आपण म्हणतो.
इथे तेल गेलंच नव्हतं, तेच तर दुखणं होतं.
जागच्या जागी बसून बसून त्याचा डिंक झाला होता,
काकवीच्या रंगाचा.
हार्डवेअरवाल्याकडे रॉकेल मागितलं,
इथे त्याला पॅराफिन म्हणतात.
"हीटरसाठी?" त्याने विचारलं.
बाटली उघडली तर वास तोच, वातीच्या स्टोव्हचा.
नाव बदलून सासरी आलेला.

मी लॅबमध्ये कवळ्या बनवते,
बाद झालेल्या टोच्या घरी आणते.
सुईखाली मशीनलाही दात असतात,
कापड चावत नाहीत, फक्त पुढे ढकलतात.
पट्टी काढली, फटींतलं कोरून काढलं.
वर राखाडी भुगा,
मग मरून, कुणाच्या तरी शाळेच्या कोटाचा,
मग पांढरं, लग्नातलं की पडद्यातलं कोण जाणे,
आणि तळाशी खाकी, दाबून दाबून नमदा झालेलं.
चिमट्याने बशीत मांडत गेले.
शिरीष म्हणाला, "ती माझ्या चहाची बशी आहे."

सोनेरी वेलबुट्टीला रॉकेल चालत नाही.
तिथे नुसतं शिवणयंत्राचं तेल, कापसाच्या बोळ्याने,
तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तसं.
एका जागी वेल नाहीच. हात टेकून टेकून गेलेली.
मी माझा हात तिथे ठेवून पाहिला,
पोचायला बोटभर कमी पडला.
म्हणजे ती उंच असणार.
बसस्टॉपवर मी तिला पाहिलं ते वाकलेलीच.

पुढचे दोन रविवार काही झालं नाही.
थेंब सोडायचा, वाट पाहायची,
चाकाला अंगठा लावायचा, मग हात धुवायचे.
मंगळवारी रात्री भांडी आवरून झाल्यावर
सहज हात लावला
आणि ते फिरलं.
आवाज असा काही नाही. सुई खाली गेली, वर आली,
जणू मधे काही झालंच नव्हतं.

बॉबिनवर तिचा हिरवा दोरा होता, अर्धा.
काढून टाकणार होते. जुना दोरा तुटतो.
पण राहू दिला.
वर माझा पांढरा ओवला,
तीनदा चुकला, चौथ्यांदा थुंकी लावून गेला.
टाका पडतो तो कापडाच्या पोटात,
वरचा खाली येतो, खालचा वर,
एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत जातात.
ओळख बसस्टॉपपुरती, पण टाका घट्ट बसत होता.

स्वयंपाकघराचा पडदा घेतला, सगळ्यात लांब शिवण म्हणून.
अर्ध्याच्या थोडं पुढे हिरवा संपला.
मला कळलंच नाही.
मशीन चालत राहिलं, आवाजही तोच,
वीतभर नुसती भोकं पडत गेली.

मग बॉबिन धुतलं, पांढरा भरला,
मागे येऊन त्याच भोकांवरून पुन्हा शिवलं.
उलट्या बाजूने पाहिलं तर दिसतं
कुठे हिरवा थांबला ते.

पडदा लावला आहे.
उलटी बाजू रस्त्याकडे येते,
हे लावल्यावर लक्षात आलं.
राहू दे.