ग्वाल्हेरसाठी मोजे

हुद्दार बाईंनी गाडीत सांगितलं होतं:
किल्ला पायी चढायचा, किला गेटकडून, सातच्या आत.
उतरायचं उरवाईनं.
टेम्पोवाल्याला भाडं विचारायचं नाही,
विचारलंत की परक्या ठरलात.
सुटे हातात, मान सरळ.

भुसावळला चढलेल्या दाढीवाल्यानं एवढंच:
"मोजे न्या. जाड. दगड तापतो."
आणि वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपला.
नाव विचारायचं राहिलं.

सातच्या आत काही जमलं नाही.
साडेनऊला मी चढावर,
बाटलीत घोटभर पाणी, गुडघा कुरकुरतोय,
खाली गाव पापडासारखं वाळत पडलेलं.
तेव्हा लक्षात आलं,
हुद्दार बाई जानेवारीत आल्या असणार.

गुरुद्वाऱ्याशी डोक्याला रुमाल बांधला,
मोजे चढवले, ऐटीत निघाले.
सेवादारानं हात जोडले, माझ्या पायांकडे पाहिलं.
मोजेही नाहीत.
मग काय, फरशीवर मी ज्वारीच्या लाहीसारखी.
पाचेक वर्षांची एक पोर ओरडली,
"आंटी, पानीवाली लाइन पे चलो!"
कुणीतरी बादलीनं भिजवलेली
वीतभर पट्टी, थेट दारापर्यंत.
माझ्या पायांशीच होती.

परतताना फलाटावर एक जोडपं
मोबाइलमधला नकाशा गोल गोल फिरवत उभं.
मी न विचारताच म्हटलं,
वर गेलात की आधी पाण्याची रेघ शोधा.
त्यांनी मान हलवली, कळलं नसावं.

मोजे मात्र दिले नाहीत.
रात्री डब्यात एवढा गारठा असतो
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.