आगामान

फैजपूरच्या अत्तरद्यांची हितैषी
डॉक्टरकी शिकायला आर्मेनियात गेली.
दुसऱ्या वर्षी सुटीत आली ती
आईला लोकरी मोजे, बापाला गुलाबी दगडात कोरलेला क्रूस
(आई म्हणे, "हा कुठं टांगायचा व?" कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला),
आजोळी लाकडाचं डाळिंब,
आणि मला, खापरं घडवणाऱ्या ठगूमावशीला,
जुन्या स्वेटरात गुंडाळलेली एक मातीची बाई.

वीतभर उंच. डोक्याला रुमाल.
हात कमरेवर, नळावर भांडायला उभी असल्यासारखी.
आणि पोटाला हे एवढं भोक.
"मीठ ठेवतात हिच्यात," हितैषी म्हणाली. "आगामान."
मला ऐकू आलं, आगमन.
बरोबरच आहे, म्हटलं. पोट पाहिलं की कळतंय.

आमच्याकडे चाकाला बाईचा हात लागत नाही.
चाक पुरुषाचं.
माती तुडवणं माझं, लीद चाळणं, राख कालवणं,
आणि चाकावरून उतरलेलं ओलं पोट
आत गोटा धरून, बाहेरून थापीनं ठोकत
मोठं मोठं करत नेणं, तेही माझं.
ज्या खापरांवर अख्ख्या गावाचे मांडे पडतात
ती अशी ठोकून ठोकून मी फुगवलीत.
नाव कुंभाराचं.

म्हणून मी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
भोकातून दोन बोटं घातली आत.
चाकाची रेघ नाही. एकही नाही.
वळकटीवर वळकटी रचून, बोटानं सांधत वर चढवलेली.
एका ठिकाणी अंगठा खोल रुतलाय,
माझ्याहून बारीक, नख वाढलेलं.
तिथंच कुणीतरी हाक मारली असेल,
आणि हात तसाच ठेवून ती "आले" म्हणाली असेल,
तिच्या भाषेत जे काय म्हणतात ते.

"बाईनं केलीय," मी म्हटलं.
"तुले कसं कळलं?"
"ते राहू दे. कितीला दिली ते सांग."
तिनं सांगितलेला आकडा रुपयांत करून घेतला
आणि घरधन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं
दोनदा म्हटला.

मग मोर नदीच्या गाळाची मी एक केली.
चाकाला न शिवता, दारात बसून.
डोईवर पदर, ओचा खोचलेला.
कमरेवरचे हात जमेनात, दोनदा गळून पडले,
शेवटी पोटालाच धरलेले ठेवले.
चेहरा माझ्या विहिणीवर गेला. जाऊ दिला.
भट्टीत खापरांच्या मधोमध बसवली,
पाठीवर धुराचा काळा डाग घेऊन निघाली.
घरधनी म्हणाला, "हा देव का बाहुली?"
म्हटलं, "मिठाचं भांडं आहे. भाजीत कमी पडलं तर हात घाला."

मीठ मातीला खातं, हे आमच्या पोराटोरांना ठाऊक.
श्रावणात दोघींच्याही पोटावर पांढरं फुलून आलं,
तिच्या आणि माझ्या,
आतून चालत चालत बाहेर आलेलं.
मी पुसलं नाही.

हितैषी परत निघाली तेव्हा माझी तिच्या बॅगेत दिली.
पोटात मूठभर खडेमीठ, रिकामं भांडं कोणी देतं का?
"त्या बाजारात बसते तिला दे. सापडली तर."

चार दिवसांनी फोन.
तिथल्या विमानतळावर बॅग उघडली म्हणे,
पांढरे खडे पाहून साहेब लोक जमले,
सगळं मीठ कागदावर ओतलं,
बॅटरी लावून पोटात पाहिलं,
मग एकानं, टकल्या होता,
एक खडा उचलून जिभेवर ठेवला.
हसला. जाऊ द्या म्हणाला.

ती बाई सापडली की नाही, अजून कळलं नाही.
पण आत मीही अंगठा रोवला होता,
मीठ संपल्याशिवाय दिसू नये असा,
तो त्या टकल्यानं पहिल्यांदा पाहिला असणार.
आणि आता तिकडे एक माणूस
आमचं मीठ खाऊन बसलाय.
नावही माहीत नाही त्याचं.
चला, चाकावरून ओलं पोट उतरलंय,
उन्हं चढायच्या आत ठोकायला घ्यावं.