यसवतीची हिरवी पेज

मावनेल्लाच्या बसस्टँडवर पावणेपाचला
यसवती टोपाचं झाकण काढते.
वाफेला आधी पाल्याचा वास, मग नारळाचा.
कोलकेंद: तांबड्या तांदळाची हिरवी पेज.
काल गोटुकोल होतं,
आज हातावारिया, म्हणजे शतावरीची कोवळी पानं.
एका हातात पेला,
दुसऱ्या हातात कितुलच्या गुळाचा खडा.
खडा चावायचा, घोट घ्यायचा.
पेजेतच गूळ ढवळून मागणाऱ्याला ती देते,
पण त्याच्याकडे बघत नाही.

कोलंबोच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर पित्ताचा माणूस,
त्याला लसूण न घातलेली वेगळी ठेवलेली असते.
कंडक्टर पोरगं रात्रभर मोबाईलवर जागलेलं,
त्याला म्हणते, आधी चूळ भर.
मास्तरीणबाईंना म्हणते, उभ्याने नको,
बसा त्या पायरीवर, बस काही पळून जात नाही.
(बस पळून जाते.
बाई बसतात तरीही.)

हे सगळं तिच्या बापाचं.
उक्कुबंडा वेदमहत्तया, मोडलेली हाडं सांधणारा,
अंगाला कायम तिळाच्या तेलाचा वास.
सूर्याला तू दिसायला हवीस, म्हणायचा,
त्याने तुला उठवायला नको.
भूक नसताना जेवू नकोस,
लागली की तिला ताटकळत ठेवू नकोस.
पोटाचे चार भाग कर:
दोन अन्नाला, एक पाण्याला,
एक वाऱ्याला. वारा फुकट आहे
म्हणून त्याची जागा विकायची नाही.
शिंक अडवू नकोस. जांभई अडवू नकोस.
रडू आलं तर तेही नाही,
अडवलेलं सगळं कुठेतरी जाऊन बसतं, पोरी,
आणि मग मला ते हाडात शोधावं लागतं.

आता तो शहाऐंशीचा.
दिवस कुठला, रात्र कुठली, सगळं सांडलंय.
मिक्सरच्या आवाजाने घाबरतो,
म्हणून ती पाला दगडावर वाटते,
म्हणून साडेतीनऐवजी दोनला उठते,
म्हणून तिच्या डोळ्यांखाली ते जे आहे, ते आहे.

परवा दोन वाजता तो स्वयंपाकघरात आला,
पांढरा सारोंग नेसून, केस विंचरून.
"माणसं बसलीत का बाहेर?"
"बसलीत, अप्पच्ची."
"तू कुठल्या गावची?"
तिने पाल्याचे हिरवे हात पुसले. काही बोलली नाही.
गप्प बसणारे पेशंट त्याने खूप पाहिले होते.
डावा हात मागितला, बाईचा म्हणून डावा,
आणि तीन बोटं ठेवली मनगटावर,
इतकी अचूक, इतकी हलकी,
की जणू वर्षभर चमचा तोंडापर्यंत नेता न येणारी बोटं
ती नव्हतीच.

बराच वेळ गेला.
चुलीवरचा भात फुटायला आला.

"वारा चढलाय," तो म्हणाला. "निजत नाहीस तू."
"निजते."
"नाडी खोटं बोलत नाही. लवकर निजत जा.
बापाला सांग तुझ्या,
उक्कुबंडाने सांगितलंय म्हणावं,
पोरीला एवढं राबवू नकोस."

तेवढ्यात नेमकी जांभई आली.
तिचा दुसरा हात तोंडाकडे गेला.
"अडवू नकोस," तो म्हणाला,
बोटं अजून तिथेच.
तिने अडवली नाही.
जांभईमागून जे आलं, तेही नाही.

त्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला,
पेज आज जरा पातळ झालीय.
यसवती म्हणाली, असेल.