नाव घालून मिळेल

कुंभार वेशीच्या आत, भांड्यांच्या दुकानापुढं
माझं टेबल, वीतभर मशीन आणि पाटी :
नाव घालून मिळेल.
अक्षराला दोन रुपये. कान्यामात्र्याचे पैसे नाहीत.

एकवीस वर्षं स्टीलवर ठिपके मारतोय.
चि. सौ. कां. रेवम्मा हिस मामाकडून.
कै. सिद्रामप्पांच्या स्मरणार्थ, डझनभर वाट्या.
तांब्या कुणाचा, कुणी दिला, कुठल्या तारखेला,
सगळं येतं त्यात.
घडवला कुणी, ते कुणी विचारत नाही.
मीही नाही.

परवा एक पातेलं ज्या कागदात गुंडाळून आलं
त्यावर फोटो होता.
दगडाचा पेला, खरवसासारखा,
उजेड थोडा आत जाऊन थांबलेला.
अंगावर कोरलेला राजा, मांडी घालून,
आणि काठाला गोल फिरलेली अक्षरं :
डोकी, पंजे, पोपटाची चोच.
खाली छापलेलं : माया लोकांचं भांडं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं.
काठावर लिहिलंय, हा अमक्याचा पेला,
यातून तो कोको पितो,
आणि पुढं तेलाचा डाग.

म्हणजे तिथंही होतं की माझं टेबल.

शेजारच्या इस्माईल टेलरला विचारलं, माया म्हणजे काय रे?
पायडलवरचा पाय न काढता म्हणाला,
शिवणीच्या आत दुमडलेलं कापड.
गणवेशाला बोटभर ठेवायची. पोरं वाढतात बे.

दगडाला कुठली माया.
एक टवका जास्त गेला की गेला,
हे आईचं, तिम्मव्वा बंदपट्टेचं, बोलणं.
डोक्यावर छिन्न्यांची पाटी, गल्लीत हाक : टाकीऽऽय, पाट्याला टाकी!
पाट्यावर आधी ठिपक्यांचा मासा काढायची
आणि सांगून जायची,
वाटताना मासा दिसंना झाला की बोलवा मला.
मिक्सर आले. मासे कुणी बघेना.

त्या लोकांकडं लोखंड नव्हतं म्हणे.
पोकळ बोरू, वाळू, पाणी,
दोन तळहातांत घुसळत राहायचं, दगड पोकळ होईस्तोवर.
किती दिवस, ते डागात गेलं.

आज दुपारी नरसव्वा दासरी आली,
बोटं तंबाखूनं पिवळी, रिक्षात काळं उखळ.
यावर नाव घाल, म्हणाली.
शेंगाचटणीचं उखळ, सासूचं.
पोरगं विकतोय. पुण्याचा कोण बागेत ठेवायला मागतोय.
नाव असलं की कोण नेणार नाही.

नाव होतं तरी तो पेला
कुठल्या परक्या गावात काचेच्या पेटीत बसलाय.
हे मी बोललो नाही.

मशीन टेकवलं. किर्र झालं, पिन मोडली.
उखळावर ओरखडा नाही.
मग ड्रॉवर उपसला, बिलांच्या खाली आईची छिन्नी.

नाव काय घालू?
पोशम्मा. आडनाव नको, आडनावानं कांडायची नाही ती.

‘प’चा उभा दांडा व्हायला चहा गार झाला.
काना. मग मात्रा.
फुकट देत आलो ते आज मनगटात उतरलं.
घाव बसेल तसा उखळातून वास यायला लागला,
लसूण, भाजक्या शेंगा, मिरची, चाळीस वर्षांचं तेल.
नरसव्वा पायरीवर बसून पानं कातरत होती.
एकदा शिंकली.

अंधार पडता पडता ‘म्मा’ संपला.
मग तिला न विचारता उखळ आडवं केलं
आणि बुडाला, जमीन वाचेल अशा जागी,
मासा धरला.
डोळा जमला. पोट थोडं वाकडं.

किती झाले?
तीन अक्षरं, सहा रुपये.
पदराची गाठ सोडून मोजून दिले तिनं.
रिक्षावाला हॉर्न मारत होता.
शेपूट राहिलं.
दगडातच आहे.