सिरीयल नंबर

गाडी थांबवायच्या आधीच लपवायचं सगळं,
गावाच्या चार मैल अलीकडे,
जिथं बघायला फक्त वाळू असते.
पार्किंगमध्ये येऊन डिकी उघडलीस
की दुकानाची पाटीच लावलीस म्हणून समज.
असं गॉटहार्डकाका सांगायचे.
स्वाकोपमुंडमधली अर्धी लग्नं त्यांच्या फ्लॅशखाली लागली.

बॅग काळी नको. नवी तर नकोच.
कंपनीच्या नावावर चिकटपट्टी.
माझ्या लेन्स मासळीच्या क्रेटमध्ये असतात,
वर वास मारणारे दोन गमबूट
आणि बाळाच्या लंगोटांची एक पिशवी
(बाळ नाही. बाळाच्या आईचाही पत्ता नाही).

रिमोटवर विसंबू नकोस.
पलीकडच्या गाडीत बसलेला कुणीतरी
खिशातल्या खिशात एक बटण दाबून धरतो,
तुझा रिमोट मुका होतो
आणि तू लागलं कुलूप म्हणून समुद्राकडे चालू लागतोस.
हाताने ओढून बघ. चारही दारं. मग पुन्हा पहिलं.

नंबर वहीत उतरव, बॉडीचा, लेन्सचा, फ्लॅशचा.
आणि कार्ड मोज्यात.
कॅमेरा दुकानात मिळतो.
नवऱ्यामुलाच्या आजोबांना हसू फुटलं होतं,
ते कुठल्या दुकानात मिळतं?

हे सगळं मी केलं.
क्रेटवर आईचं ब्लँकेटही पसरलं,
ते तपकिरी, दोन वाघांचं.
आमच्या देशात वाघ नाही, कधीच नव्हता,
तरी घरोघरी त्याच्याच पोटाखाली आम्ही झोपलो.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी अकरा हप्त्यांची, अजून फिटायच्या.

त्या रात्री अटलांटिकवरून धुकं आलं
ते रस्त्यावरचे दिवे गिळतच आलं.
पिवळ्या जाकिटातला टांगेनी,
गाड्या राखून दहा-दहा डॉलर मिळवणारा,
बेकरीच्या मागे चहाला गेला होता.
पाचच मिनिटं, साहेब. आईशपथ, पाचच.

मागची काच साखरेसारखी सांडलेली.
गमबूट खाली काढून ठेवलेले, जोडीने,
देवळाबाहेर ठेवतात तसे.
लंगोट शाबूत.
क्रेट शाबूत. बॉडी, लेन्स, फ्लॅश,
मी तीनदा मोजलं आणि तीनदा हसलो,
मग थंडी वाजली
आणि हात आपोआप ब्लँकेटकडे गेला.

सार्जंट गारोएस बाईंनी फॉर्म पुढे ओढला.
काय गेलं?
ब्लँकेट.
कॅमेरा आहे म्हणालात ना गाडीत?
आहे.
त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, परत उचललं.
सिरीयल नंबर?

एका कोपऱ्याला स्टोव्हने जळलेलं आहे, म्हणालो,
करंगळीएवढं.
डावीकडच्या वाघाचा एक डोळा
धुऊन धुऊन गेलाय.
किंमत?
बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे, पुढे, मागे.
फोटो तरी असेल?

चाळीस हजार फोटो आहेत माझ्याकडे.
नवऱ्या, केक, फ्लेमिंगो, परक्यांच्या आया.
तिथेच बाकावर बसून शोधत राहिलो,
टांगेनी शेजारी, जाकीट मांडीवर घेऊन,
माझ्याइतकाच वाकलेला स्क्रीनवर.
शेवटी सापडला.
आई कांदा चिरतेय, नाक पुसतेय मनगटाने,
आणि मागे, फोकसच्या बाहेर,
खाटेवरून डोकावणारा एक कान.

हा? सार्जंट बाई म्हणाल्या.
हा कशाचाही असू शकतो.

टांगेनी म्हणाला, वाघाचाच आहे.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
रस्त्यावर धुकं तसंच होतं,
आणि त्यात कुठेतरी, भिंतीच्या आडोशाला,
कुणालातरी आता ऊब लागत असणार.
त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं
तर वाफच आली नुसती.