हातचे पंधरा

टेबलावर साठ पत्ते, बाजूला पंधरा.
ओस्त्रावात रात्रीचे अकरा वाजलेत,
खिडकीखालचं बर्फ चार दिवसांत काळं पडलंय,
आणि स्दिस्लावा बाविसाव्या जमिनीपाशी अडलीय.
काढली तर उपासमार,
ठेवली तर कधीतरी हातात नुसती माती येईल
आणि पेरायला दाणा नसेल.

ती ठेवते.
काढते.
चहा ओतून येते, पुन्हा ठेवते.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर
अनोळखी माणसांचं रक्त मोजते,
तिथे आकडा एकदा आला की आला.
इथे दहा हात काढून बघायचे,
मग आणखी दहा,
आणि अकराव्या वेळी नेमकं ते दिसतं
जे पहिल्या शंभरांत दिसलं नव्हतं.

साठांचं जमतं एकदाचं. साठ म्हणजे आपण कोण, एवढंच.
पंधरांचं कठीण.
पंधरा म्हणजे आपण कुणाला भितो.

बेरजेत हातचा एक धरतो तसे ते धरायचे,
उत्तरात दिसत नाहीत, पण विसरलात तर उत्तर चुकतं.
दोन पत्ते यंत्रांच्या डेकविरुद्ध.
चार, सगळ्याला नाही म्हणणाऱ्यांविरुद्ध.
एक, त्या ब्र्नोच्या मुलाविरुद्ध, जो गेल्या वर्षी
पन्नास मिनिटं नुसता विचार करत बसला.
उरलेले इकडचे तिकडचे,
आणि तीन ओली पोती.

ओलं पोतं आग विझवतं. बाकी काही करत नाही.
तीन पोती म्हणजे ओल्द्रिख.
लिफ्ट दुरुस्त करणारा, जाड बोटांचा ओल्द्रिख,
जो तिसऱ्या फेरीपर्यंत तुमचं घर पेटवतो
आणि वर विचारतो, खिडकी उघडू का?
तीन वर्षं ती त्याच्याशी हरलीय.

रविवारी, खाणकामगारांच्या जुन्या कँटीनमध्ये,
चौथ्या फेरीला समोर तोच.

पहिला डाव पाच मिनिटांत आटोपला.
दोन लाल जमिनींवर तो रुतून बसला,
मान हलवली आणि हात न दाखवता पत्ते गोळा केले.
स्दिस्लावाने तीन पत्ते बाहेर काढले,
तीन पोती आत घातली.
पलीकडे तोही मोजत होता, ओठ हलवत,
चार बाहेर, चार आत.

दुसऱ्या डावात तिच्या हाती दोन पोती आली
आणि त्याने निळी जमीन ठेवली.
मग आणखी एक निळी.
मग तिच्या प्रत्येक पत्त्याला, हळू आवाजात, जवळजवळ लाजत,
नाही.
नाही.
हेही नाही.
आग कुठे गेली, ती विचारू शकत नव्हती.
लाल रंगाची एक पट्टी उरली होती फक्त, जुन्या सदऱ्याची बाही उरावी तशी.

आणि त्याने काय मांडलं? स्मशानाचं कुलूप.
तिच्या स्मशानाला, जे नव्हतंच.
मेलेले पत्ते परत उठवणारा तो डेक
तिने नोव्हेंबरात मोडला होता, उठवून उठवून कंटाळून.
कुलूप टेबलावर पडून राहिलं,
तिची पोती हातात.
गेल्या वर्षीची दोन माणसं
एकमेकांशी कडाक्याने भांडत होती
आणि ही दोघं त्यांचे पत्ते धरून बसली होती.

तरी तो जिंकला. नाही म्हणणारा सहसा जिंकतो.

तिसऱ्याला बारा मिनिटं उरलेली.
तिने एक पोतं काढलं, दुसरं काढलं.
तिसरं दिसलं होतं तिला.
का राहू दिलं, विचाराल तर सांगता येणार नाही;
साठ मोजले, साठ भरले, पिसले, कापायला पुढे केले.

शेवटच्या फेरीत तिला एकच पत्ता हवा होता.
सात पत्त्यांपैकी कोणताही चालला असता.
तिने वरचा उचलला, बघितला,
आणि नाकातून हसू आलं.

संपलं, ती म्हणाली. हात पुढे केला.
ओल्द्रिखने हात मिळवला, मग वाकून पाहिलं.
हे काय? हे अजून आत?
तुझ्यासाठी आणलं होतं, ती म्हणाली.

तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग आपल्या हातातला शेवटचा पत्ता उलटून
तिच्या पोत्याशेजारी ठेवला.
कुलूप.